मदत हवी आहे: दुसऱ्या आईचं गोठवलेलं दूध बाळाला कसं गरम करून द्यायचं?

डिचोलीकरीण (रात्री ९.१०)
लवकर सांगा कोणीतरी. मला दूध पुरत नाहीये. व्हॉट्सॲपच्या आयांच्या ग्रुपवर पेडण्याची एक ताई भेटली. तिला भरपूर येतं, तिने सहा पिशव्या दिल्या, पैसेसुद्धा घेतले नाहीत. भाऊ स्कूटरवरून घेऊन आला. आता फ्रीजरमध्ये आहेत. उकळून द्यायचं की नुसतं कोमट करून? आई म्हणते गायीचं दूध पाणी घालून दे, ते मला द्यायचं नाही. डब्याचंही नको. फक्त गरम कसं करायचं तेवढं सांगा.

रात्रपाळी (९.१८)
थांब, अजून देऊ नकोस. बाळ किती दिवसांचं? वजन? पुऱ्या दिवसांचं की आधी झालेलं? दूध पुरत नाही हे कशावरून ठरवलंस?

मयेचं_तळं (९.२१)
एवढं घाबरवू नका हो तिला. माझी आई बाळंतपणात आजारी होती तेव्हा काकीने मला पाजलं. दोन महिने. मी आज बेचाळीस वर्षांचा आहे. पूर्वी गावात सगळ्या असंच करायच्या.

आंब्याची_साठं (९.२४)
मेथ्यांची पेज घे रोज सकाळी, गूळ आणि नारळाचा रस घालून. हळिवाचा लाडू संध्याकाळी. मला तिसऱ्या दिवशी फरक पडला.

डिचोलीकरीण (९.३०)
मी गरम करण्याबद्दल विचारलं होतं. बाळ १२ दिवसांचं आहे. सिझर. सारखं झोपतं, छातीला लावलं की दोन मिनिटांत सोडून देतं.

रात्रपाळी (९.३९)
मी नवजात बालकांच्या विभागात नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आईच्या दुधातून एचआयव्ही जाऊ शकतो, सीएमव्ही नावाचा विषाणूही जातो. देणारी ठणठणीत दिसते, तिला स्वतःला कळतही नाही. ती घेत असलेली औषधं दुधात उतरतात. शिवाय पंप नीट धुतला नाही, दूध बाहेर राहिलं, की जंतू वाढतात. २०१३ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या दुधाचे १०१ नमुने तपासले, जवळपास तीन चतुर्थांशांत जंतूंचं प्रमाण काळजीचं निघालं.

उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण औषधाचा अंश जात नाही, काही जंतूंनी आधीच सोडलेलं विषही जात नाही. आणि दुधातलं जे बाळाचं रक्षण करतं ते बरंचसं नासतं. मिल्क बँकेत, म्हणजे दान केलेलं आईचं दूध गोळा करून गरजू बाळांना देतात तिथे, आधी देणाऱ्या आईचं रक्त तपासतात, मग दूध ६२.५ अंशांवर बरोबर ३० मिनिटं ठेवतात, लगेच गार करतात, जंतूंची तपासणी करतात. हे घरच्या गॅसवर जमत नाही.

मयेचं_तळं (९.४४)
गरोदरपणात सगळ्यांची एचआयव्ही तपासणी होतेच की. त्या ताईची झालीच असणार.

रात्रपाळी (९.४८)
दादा, ती तपासणी कित्येक महिन्यांपूर्वीची. त्यानंतरही लागण होऊ शकते. तुमच्या काकी घरातल्या होत्या, आणि तेव्हा यातलं काही तपासायची सोयही नव्हती. ज्या बाळांना त्रास झाला, त्यांचं कारण कोणाला कळलंच नाही.

सांताक्रूझ_७७ (९.५२)
हे दूध विकायलाही बंदी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात स्पष्ट सांगितलं.

डिचोलीकरीण (९.५३)
मी विकत घेतलेलं नाही!!

फोंड्याची_आत्या (९.५६)
पिशव्यांवर तारीख आहे का गो? वाटेत बर्फ होता?

डिचोलीकरीण (१०.०२)
थर्मोकोलच्या डब्यात बर्फ होता, पोचेपर्यंत पाणी झालेलं. पिशव्यांचे कोपरे मऊ लागले हाताला. तारीख नाही, एकीवर नुसता पेनाने ४ लिहिलाय. मी तशाच फ्रीजरमध्ये टाकल्या, बांगडे माशांच्या डब्याशेजारी. दुपारी लाईटही गेली होती दोन तास. बाळ ३५ व्या आठवड्यात झालं, २१५० ग्रॅम.

रात्रपाळी (१०.०५)
अगं, हे पहिल्यांदा सांगायला हवं होतंस. वेळेआधी झालेल्या बाळाला सीएमव्ही जास्त जड जाऊ शकतो, आणि वितळलेलं दूध परत गोठवायचं नसतं. ते दूध बाजूला ठेव. आज सकाळपासून लंगोट किती ओले झाले?

डिचोलीकरीण (१०.०८)
तीन. शेवटचा दुपारी चारला.

रात्रपाळी (१०.०९)
या वयात दिवसाला निदान सहा हवेत. झोपाळू आहे, ओढत नाही, लंगोट कोरडे. सकाळची वाट बघू नकोस, आत्ता निघ. म्हापशाचं जिल्हा रुग्णालय नाहीतर थेट बांबोळी, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ लाव. बाळाला उघड्या छातीशी धरून पांघरूण घे, तिथे पोचेपर्यंत छातीला लावत राहा.

आंब्याची_साठं (१०.१५)
पंप कुठे भाड्याने मिळतो मडगावात? माझ्या भाचीला हवाय.

फोंड्याची_आत्या (१०.१६)
नवीन धागा काढा हो, इथे नको.

डिचोलीकरीण (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३.४०)
बांबोळीला दाखल केलंय. वजन १९८०. बाराव्या दिवशीही जन्माच्या वजनाच्या खाली. डॉक्टर म्हणाले बाळाची ओढायची ताकद कमी, म्हणून माझंही दूध वाढत नव्हतं. आता दर तीन तासांनी पंप करते. सकाळी दोन्ही बाजूंचं मिळून ३५ मिली आलं, परवापर्यंत १० सुद्धा येत नव्हतं. ते वाटी-चमच्याने देतात, कमी पडलं तर डॉक्टरांनी मापून दिलेलं डब्याचं. डबा नको म्हणून मी हटून बसले होते, त्याचं वाईट वाटतंय. सकाळपासून चार लंगोट ओले झाले.

पिशव्या भावाला ओतून टाकायला सांगितल्या. पण त्या ताईला काय सांगू? तिने रात्री जागून काढलेलं दूध होतं ते.

रात्रपाळी (४.०५)
खरं तेच सांग. तिची माया खोटी नव्हती. आणि तिला खरंच द्यायचं असेल तर तिथल्याच नवजात विभागात विचारून घे, मिल्क बँकेसाठी तपासणी कशी करतात ते. दीड किलोच्या आतल्या बाळांना असं दूध आधी लागतं.

डिचोलीकरीण (रात्री ८.२०)
फोन केला. आधी गप्प झाली. मग म्हणाली, रक्त तपासणीला द्यायला मी येते, रविवारी नवऱ्याची गाडी असते. देव बरें करूं सगळ्यांचं. आता पाजायची वेळ झाली.