'तोंगातोंग'ला मराठीत काय म्हणाल?

केतकी_प:
प्रदर्शनाच्या पाट्यांचं भाषांतर करतेय, अडलेय. फिलिपीन्सात उत्तर लुझोनच्या डोंगरातले कलिंगा लोक वाजवतात ते तोंगातोंग. बांबूची नळी, खाली गाठीने बंद, वर उघडी. उभी धरून बूड जमिनीवर नाहीतर दगडावर आपटायचं आणि दुसऱ्या हाताने वरचं तोंड झाकायचं-उघडायचं, की आवाज पालटतो. आलेल्या मसुद्यात "बांबूचे ढोल" लिहिलंय, मला काही पटत नाही.

दत्ताराम:
ढोल कसा? कातडं कुठाय? सरळ घनवाद्य आहे, नाट्यशास्त्रातली विभागणी बघा, तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातडं ताणलेली), घन (नुसती ठोकून वाजणारी). "आपटनळी" म्हणा.

शुद्धलेखक:
आपटनळी ऐकून नळदुरुस्तीवाला आठवतो. आणि 'बांबू' हा शब्दच आपला नाही. "घातवेणू" करा.

माई_देवगड:
घातवेणू म्हटलं की लोक विचारतील कृष्णाने कोणाला मारलं 😄 आमच्याकडे नुसतं वेळू किंवा बांबू म्हणून भागतच नाही, माणगा, चिवा, मेस, कळक असं सांगावं लागतं. माणगा जवळपास भरीव, तो आपटलात तर नुसता ठक्क, घुमायला पोकळ पेर हवं. तिकडे कुठला घेतात ते बघून लिही बाळा.

केतकी_प:
माई, जात दिलेली नाहीये. पण हे एकट्याने वाजवायचं वाद्य नाहीच, लांबी वेगवेगळी असलेल्या नळ्या, प्रत्येकाच्या हातात एकेक, एकाचा ठोका दुसऱ्याच्या फटीत बसतो आणि मग ते सगळं मिळून ऐकू येतं. पूर्वी आजारपणाच्या विधीतही वाजवायचे. म्हणून "नळी" एकवचनी लिहायलाही जड जातंय. आणि पुढची पाटी याहून अवघड, बुंकाका. वर दोन जिभा कापलेला बांबू, तळहाताच्या मुळावर आपटला की झणझणतो, आणि खालचं छोटं भोक अंगठ्याने दाबलं-सोडलं की झणझण बदलते. याला काय, चिपळी?

दत्ताराम:
चिपळी अजिबात नाही, चिपळ्यांत दोन तुकडे एकमेकांवर वाजतात. "झणझणा" चालेल.

रानडे_काका:
मूळ नावं ठेवा राव. फिलिपिनो संगीतकार होजे मासेदांनी 1968 च्या 'पाग्साम्बा' या रचनेत हेच झणझणारे बांबू घेतले, तेव्हा त्यांचं नाव बदलायची गरज पडली नाही. आपण सतारीला इंग्रजीत काय वेगळं म्हणतो का?

शुद्धलेखक:
मग भाषांतर करायचंच कशाला? पाटी वाचून माणसाला काहीतरी कळायला नको?

माई_देवगड:
कळायला शेजारी एक ओळ टाका की, भांडताय कशाला.

दत्ताराम:
बाकी यांच्या घंटेसारख्या थाळ्यांना 'गांगसा' म्हणतात, ते आपलं कांसंच, मलय भाषेतून गेलेलं. मग कलिंगा म्हणजे अशोकाचं कलिंग नाही कशावरून? दर्यावर्दी गेलेच होते तिकडे.

रानडे_काका:
गांगसा मान्य. कलिंगा मात्र नाही, ते नाव शेजारच्या इबानाग लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'शत्रू' किंवा 'मुंडकी उडवणारे'. ओडिशाला कशाला ओढताय.

दत्ताराम:
उच्चार इतका जुळतो आणि योगायोग? मला नाही वाटत.

केतकी_प:
अहो, पाटी उद्या छापायला जातेय.

शुद्धलेखक:
कलिंगावरून आठवलं, कलिंगड शब्दाचं मूळ कलिंगातच आहे ना? की तेही फिलिपीन्सचं?