शब्दचर्चा : कार्डावरील ‘प्री-ऑथरायझेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ) : आमच्या कृषी सेवा केंद्रात तुषार सिंचन संचाची ऑर्डर नोंदवतानाच ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावर प्री-ऑथरायझेशन, म्हणजे बिलाआधीच तेवढी रक्कम बाजूला ठेवण्याची परवानगी, घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी पडद्यावर त्यासाठी ‘पूर्वप्राधिकरण’ असे येते. ग्राहकाला त्याचा बोध होत नाही आणि मोबाइलवर बँकेचा संदेश येताच ‘पैसे कटले’ म्हणून तो काउंटरवर येतो. योग्य शब्द सुचवावा.

उत्तर (हिंगणघाट) : ‘प्राधिकरण’ टाळावे, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ संस्था असाच घेतला जातो, जीवन प्राधिकरण म्हटले की नळयोजना आठवते. ‘पूर्वमंजुरी’ सोपा आहे खरा, परंतु मंजुरी म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे कर्जप्रकरण उभे राहते. मुळात येथे घडते ते असे, की कार्ड देणारी बँक ओटीपी तपासून तेवढी रक्कम ग्राहकाच्या उपलब्ध मर्यादेतून बाजूला ठेवते. ती दुकानदाराच्या खात्यात जात नाही, आणि माल रवाना होऊन बिल झाल्यावरच तो ती घेऊ शकतो. म्हणून ‘इसार’ही बसत नाही, कारण इसार सौदा ठरताच विक्रेत्याच्या हाती पडतो. ‘अनामत’लाही हीच हरकत आहे.

प्रतिसाद (आर्वी) : बँकेतले सर्वजण ‘होल्ड’ म्हणतात. तोच का ठेवू नये?

उत्तर (हिंगणघाट) : बँकेच्या आत तो चालेल, दुकानाच्या पावतीवर नको. पीककर्ज थकले म्हणून बचत खात्याला होल्ड लागला आणि आलेले अनुदान काढता आले नाही, हा अनुभव आपल्या गावांतून इतका ओळखीचा आहे, की स्वतःच्या इच्छेने ऑर्डर देणाऱ्या माणसालाही त्या शब्दाने आपल्यावर कारवाई झाल्यासारखे वाटते. ‘रक्कम अडकवली’ यातही तोच सल आहे. माझ्या मते ‘रक्कम राखीव’ हा शब्द नेमका आहे. पुढच्या दोन टप्प्यांना ‘रक्कम घेतली’ आणि ‘रक्कम मोकळी केली’ म्हणावे. ‘वसूल केली’ कटाक्षाने नको. वसुली थकबाकीदाराकडून होते.

प्रश्न (दारव्हा) : 18,400 रुपयांच्या ऑर्डरीपैकी 13,000 रुपयांचे पाइप आज दिले आणि नोझल नागपूरहून यायचे असतील, तर काय लिहावे?

उत्तर (हिंगणघाट) : ‘18,400 राखीव, पैकी 13,000 घेतले’ असे लिहावे. उरलेल्या 5,400 रुपयांचे काय होते, हे मात्र कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या सेवादात्याकडून आधी विचारून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी पहिली रक्कम घेताच बाकीची आपोआप मोकळी होते आणि नोझलसाठी ग्राहकाकडून नव्याने ओटीपी घ्यावा लागतो. भाडे जोडल्याने बिल राखीव रकमेपेक्षा वाढले, तर वरच्या फरकासाठीही सहसा तेच करावे लागते.

प्रतिसाद (आर्वी) : ‘राखीव’ मान्य आहे, पण त्यासोबत मुदत छापलीच पाहिजे. ही राखण कायमची नसते. कार्डाच्या प्रकारानुसार ठरलेल्या दिवसांत रक्कम घेतली नाही, तर ती सुटते आणि तोवर माल गेलेला असेल तर पैसे मिळण्याची हमी दुकानदाराकडे उरत नाही. पडद्यावर ‘राखीव, अमुक तारखेपर्यंत’ असे असावे आणि ग्राहकाच्या संदेशात ‘रक्कम अद्याप घेतलेली नाही’ हे वाक्य सर्वांत आधी यावे.