स्टिअरिंग लॉक चालत नाही म्हणून जुनी गाडी तपासणीत नापास करावी का?

जुनं_इंजिन
माझं मत आधीच सांगतो: करू नये.

तपासणी कशासाठी असते? गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही ते बघायला. ब्रेक लागतात का, टायरला नक्षी उरली आहे का, स्टिअरिंगमध्ये प्ले (मोकळी हालचाल) किती, दिवे, चेसिसचा गंज. स्टिअरिंग लॉक यात कुठे बसतं? ते उभ्या गाडीचं कुलूप आहे. चावी काढल्यावर स्टिअरिंगचं चाक अडकलं नाही तर चालत्या गाडीचं काय बिघडणार? गाडी चोरीला गेली तर नुकसान माझं.

आणि दुरुस्ती सोपी नाही. लॉकचं घर कॉलमला (स्टिअरिंगच्या चाकाखालच्या खांबाला) ज्या बोल्टांनी धरलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यात आवळतानाच मोडतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. म्हणजे ते ड्रिल करून काढायचे. मूळ भाग मिळणं बंद झालेलं असतं. मग लोक मिळेल तो स्वस्त डुप्लिकेट बसवतात. कडक नियम केला की असलीच कामं वाढतात. बोला.

पाना_नंबर_दहा
असहमत. मी हेच काम करतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

'लॉक बिघडलं' असं सरसकट म्हणून चालत नाही. आत एक स्प्रिंगवाली खिट्टी असते. चावी निघाली की ती कॉलमच्या दांड्यावरच्या खाचेत घुसायला बघते. चावी फिरवली की आतला कॅम, म्हणजे चावीबरोबर फिरणारा उंचवटा, तिला मागे ओढतो. चावी लावलेली असेपर्यंत खिट्टी मागेच राहिली पाहिजे, सगळी सुरक्षितता एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. आता हे घर बहुतेक जुन्या गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. वर्षानुवर्षं अर्धा किलोचा चाव्यांचा जुडगा लटकलेला, बॅरल (चावी जाते ती नळी) झिजलेलं, कॅमची कड गोल झालेली. खोललं की आतून करडी पूड निघते. असं लॉक 'लागत नाही' एवढंच करेल आणि 'नको तेव्हा लागेल' असं कधीच करणार नाही, हे बाहेरून बघून कोण सांगणार?

एक साधी खूण. इंजिन चालू असताना चावी हलकेच ओढा. बाहेर आली तर बॅरल संपलं. खिट्टी लगेच सुटेलच असं नाही, पण त्या लॉकवर माझा भरवसा उरत नाही.

नियमावली_वाचक
पाना भाऊ जो फरक सांगताहेत तो युरोपच्या नियमांत आधीपासून आहे. वाहन तपासणीचा 2014/45 क्रमांकाचा निर्देश बघा. गाडी नेण्यापासून रोखण्याचं काम यंत्रणा करत नसेल तर किरकोळ दोष. यंत्रणा सदोष असेल तर मोठा दोष. आणि आपोआप लॉक होत असेल, अडकत असेल तर थेट धोकादायक. एकाच भागाला तीन पायऱ्या. तेव्हा धागाकर्ते आणि पाना भाऊ दोघंही आपापल्या पायरीवर बरोबर आहेत.

जुनं_इंजिन
@नियमावली_वाचक, मग माझंच म्हणणं झालं की. लागत नसेल तर शेरा मारा आणि गाडी सोडा.

दुसरी_बाजू
'नुकसान माझं' हे वाक्य खटकलं.

अमेरिकेत कंपन्यांवर चोरीविरोधी लॉकची सक्ती आली ती 1970 पासून, फेडरल मानक क्रमांक 114. ते मानक रस्ता सुरक्षेच्या मानकांत आहे, आणि त्यामागचा एक मुख्य विचार असा होता की चोरलेली गाडी चालवणारा अपघात जास्त करतो. पळणाऱ्या चोराच्या समोर येणारा माणूस तुमच्या नुकसानीत धरलेला नाही.

आणि जुन्या गाड्यांचा इतिहास तर तुमच्या विरुद्धच जातो. पश्चिम जर्मनीत 1960 च्या दशकात नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना लॉक सक्तीचं केलं. चोऱ्या घसरल्या. ब्रिटनमध्ये 1971 पासून फक्त नव्या गाड्यांना लॉक आलं, तर तिथे चोर बिनलॉकच्या जुन्या गाड्यांकडे वळले. 1976 साली ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी हे मांडलं आहे. तुम्ही 'जुनी आहे, सोडून द्या' म्हणता तेव्हा चोरासाठी तीच गाडी वेगळी काढून ठेवता.

जुनं_इंजिन
मुद्दा चांगला आहे, पण तो काळ गेला. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, चावीतली चिप जुळल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. तशा गाडीत खिट्टी तुटली तर चोराचं काय सोपं झालं? आणि त्याआधीच्या गाडीला मी चाकावर लावायचं बाहेरचं कुलूप लावतो, ते काचेतून दिसतं तरी.

दुसरी_बाजू
तुम्ही लावता. तपासणीच्या दिवशी लावलेलं आणि नंतर डिकीत पडलेलं कुलूप तपासनीस कसं मोजणार?

घाटातला
माझा अनुभव वेगळ्या दिशेचा आहे. ओळखीतले एक गृहस्थ उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचे. एकदा चावी पार मागे फिरली आणि हातात आली. पहिल्याच वळणाला चाक जागच्या जागी अडकलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. लॉक अगदी धडधाकट होतं हो! तपासणीत शंभर टक्के पास.

पाना_नंबर_दहा
@घाटातला, म्हणून तर बऱ्याच गाड्यांत चावी आत दाबल्याशिवाय शेवटच्या खुणेपर्यंत फिरत नाही. तो दाबाचा टप्पा झिजलाय का, हेही तपासनीसानं बघावं. दोन सेकंदांचं काम. बघतं कोणी?

साधा_प्रश्न
2014 साली जनरल मोटर्सनं लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या याच दोषामुळे का?

पाना_नंबर_दहा
नाही, तिथे स्टिअरिंग लॉक झालं नव्हतं. इग्निशन स्विच ढिला होता. जुडग्याच्या वजनानं किंवा धक्क्यानं चावी चालू खुणेवरून घसरायची, मग इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंगची मदत बंद, एअरबॅगही उघडत नसत. चाक जड झालं म्हणजे लॉक झालं असं लोक समजतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुडगा हलका ठेवा, हा सल्ला मात्र दोन्हीकडे लागू.

जुनं_इंजिन
मग पाना भाऊ, सरळ विचारतो. खिट्टीच काढून टाकली तर? कॉलममध्ये घुसायला काही उरतच नाही. धोकादायक पायरी कायमची गेली, राहिला तो किरकोळ दोष.

पाना_नंबर_दहा
गिऱ्हाईकं हे मागतात, आणि काही मेकॅनिक करूनही देतात. माझ्याकडे एक गाडी आली होती, असंच कोणीतरी 'काढून दिलेलं'. स्प्रिंग काढली होती, खिट्टी आत मोकळी खुळखुळत होती. याला दुरुस्ती म्हणायचं का? पूर्ण आणि नीट काढलं असेल तर धोका नाही हे खरं. पण नीट काढलंय हे कॉलमचं कव्हर उघडल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणीत काही खोलायची पद्धत नसते.

नियमावली_वाचक
शिवाय कंपनीनं दिलेली यंत्रणा काढणं आणि मुळातच नसणं यात फरक करायला हवा. ज्या गाड्या लॉकशिवायच कारखान्यातून निघाल्या त्यांना नापास करण्यात अर्थ नाही.

जुनं_इंजिन
त्यावर तरी सगळे सहमत दिसतात. खिट्टीबद्दल मी ठाम आहे: नीट काढली असेल आणि दुरुस्ती करणाऱ्यानं सहीनिशी लिहून दिलं असेल तर पास.

दुसरी_बाजू
सही कोणाची, 'काढून देणाऱ्या' त्याच मेकॅनिकची? मग नापास.