उ: वय झाल्यावर मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत हवंच का?
'७च्या आत हवंच' हे धडधाकट साठीला ठीक. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, वजन घटतंय, अशा ऐंशीच्या माणसाला ८च्या आसपास पुरतं. रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो आकडाही फसवतो.

इथे कुणी गोळ्यांबद्दल बोललं नाही म्हणून: ग्लिबेनक्लामाइड (साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी) आहे का ते आधी बघा. मूत्रपिंड मंदावलं की ती अंगात साचते, जेवण कमी झालं तरी साखर पाडतच राहते. म्हातारपणी साखर पडली तरी घाम-थरथर दिसेलच असं नाही. नुसतं असंबद्ध बोलणं, तोल जाणं. लोक 'वयच झालं' म्हणून सोडून देतात! आधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गोळी बदलायची ती डॉक्टरांनीच.