'हुशार आहेस' म्हणायचं की 'कष्ट घेतलेस'?

मंगळवारपेठकर :
पोराची अक्कल वाखाणू नका, खटपट वाखाणा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचे १९९८ मध्ये छापलेले प्रयोग बघा. सोपी कोडी सुटल्यावर पाचवीतल्या काही मुलांना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'कष्ट घेतलेस'. मग अवघड कोडी दिली, सगळेच अडले. पुन्हा सोपी दिली तर 'हुशार' मुलं आधीपेक्षा घसरली, कष्टाची शाबासकी मिळालेली सुधारली. आपल्याकडं दहावीला ९५ टक्के पडले की चौकात पोराचा डिजिटल फलक लागतो. अकरावीला फिजिक्समध्ये गचकलं की तेच पोर क्लास बुडवायला लागतं. अडलंय हे कुणाला कळायला नको ना!

तांबडी_माती :
ते ठीक हाय भावा, पण तालमीतल्या पोराच्या खुराकाचं कोण बघणार? दूध, तूप, बदाम काय नुसत्या जिद्दीतनं येत्यात व्हय? सकाळी जोर-बैठका मारून दुपारी शिरोलीच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या पोराची जिद्द कमी हाय का? खाशाबा जाधवांचंच घ्या. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसं न्हवतं. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, तवा ब्राँझ आलं. नुसत्या जिद्दीवर हेलसिंकी गाठता येत न्हाई.

मंगळवारपेठकर :
खाशाबांचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा. १९४८ ला लंडनला ते सहावे आले. अंगात मातीची कुस्ती, तिथं मॅट. 'मॅट आपलं काम न्हवं' म्हणून परत आखाड्यात रमले असते तर खर्डेकरांनी घर कशासाठी गहाण टाकलं असतं?

मास्तरीणबाई :
दोघंही थोडं थांबा. अमेरिकेतच नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरचा मोठा अभ्यास २०१९ ला आला. तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा, 'बुद्धी वाढवता येते' एवढाच. अभ्यासात मागं असलेल्यांचे सरासरी गुण वाढले, पण साधारण ४ पैकी ०.१ इतकेच. एवढ्या स्वस्तात तेही वाईट नाही म्हणा. पण आमच्याकडं त्याचं भिंतीवरचं पोस्टर झालंय. मी वहीवर 'छान प्रयत्न' लिहिलं तर पोरगं विचारतं, "बाई, म्हंजे चुकलंय न्हवं?" कुठं चुकलं ते दाखवलं नाही तर कष्टाचं कौतुक म्हणजे नुसतं सांत्वन.

तांबडी_माती :
हे पटलं बघा. आमचं वस्ताद शाबासकी देतच न्हाईत. "पाय मागं राहतोय" म्हणायचं, धरून पाय जाग्यावर ठेवायचा, आन् पुन्हा जोड लावायची. पोरगं हरलं तरी तेच, जिकलं तरी तेच.

मंगळवारपेठकर :
मग मी वेगळं काय सांगतोय?

मास्तरीणबाई :
वस्तादांना एका वेळी एक जोड बघायची असते. माझ्यापुढं बासष्ट वह्या असतात, आणि तास पस्तीस मिनिटांचा.