ग्लूटेन बंद करूनही गॅस, एन्झाइमची कुठली गोळी घ्यावी?

मेघना७: सिलिअ‍ॅकचं निदान होऊन चार महिने झाले, म्हणजे गहू वगैरेंतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. ग्लूटेन पूर्ण बंद आहे. जुलाब थांबले, पण संध्याकाळी पोट तट्ट फुगतं. एकच डबी परवडेल, तर कृपया एकच सुचवा.

शांत_नदी: मी तीन घेते. सकाळी प्रोबायोटिक, जेवताना मल्टिएन्झाइम, झोपताना गॅसवरचं सिमेथिकोन. वर्षभर त्रास नाही. पोटाच्या बाबतीत पैसे वाचवू नका.

गिरीश_पी: औषधी कोळशाची गोळी. तासाभरात पोट हलकं.

उन्हाळी: कोळसा जपून! बाकीची औषधंही तो धरून ठेवतो. मी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेत होते, रिपोर्ट बिघडले.

गिरीश_पी: मला कधी काही झालं नाही.

रानवारा: ग्लूटेन पचवणारी गोळी मिळते. मी ती घेऊन बाहेर काहीही खातो.

कल्पना_स: रानवारा, तुम्हाला सिलिअ‍ॅक आहे का? नसेल तर तिला हे सांगू नका. ती गोळी सगळं ग्लूटेन तोडत नाही, आणि उरलेलंही आतड्याला इजा करायला पुरतं.

मेघना, आधी ग्लूटेन-फ्री ब्रेडचं पाकीट वाच. इन्युलिन, चिकोरीचं मूळ, सॉर्बिटॉल असं काही आहे का? माझ्या मुलाचा गॅस इन्युलिनमुळे निघाला, सहा महिने आम्ही उगाच गोळ्या बदलत बसलो. दुसरं, दूध. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम आतड्याच्या आतल्या बारीक उंचवट्यांवर तयार होतं आणि सिलिअ‍ॅकमध्ये नेमके तेच झिजतात. दोन आठवडे दूध बंद करून बघ. फरक पडला तर लॅक्टेजची गोळी घे. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध परत सोसतं.

शांत_नदी: मीही तेच म्हणतेय, काही मल्टिएन्झाइममध्ये लॅक्टेजही असतं.

उन्हाळी: बऱ्याचदा नावापुरतं. आणि गोळीत गव्हाचा स्टार्च नाही ना, तेही बघा.

मेघना७: ब्रेडमध्ये इन्युलिन निघालं! आजपासून बंद. दूध मी घेतच नाही. पण आठवडाभराचं लिहून काढलं तर कडधान्यांच्या दिवशीच जास्त फुगतं. गहू गेल्यापासून ती दुपटीने खातेय आणि सोडायची नाहीत. म्हणून कोणी न सुचवलेली, कडधान्यांतली गॅस करणारी साखर पचवणारी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मागवलीय.

कल्पना_स: महिन्यात फरक नाही पडला किंवा वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखव.

रानवारा: अल्फा-गॅलॅक्टोसिडेज पहिल्या घासाबरोबरच घ्या. जेवण झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग नाही, मी महिनाभर तसंच करत होतो.