‘रग्बी लीग’मधली लीग आणि आपली साखळी

विचारणा (नौपाडा, ठाणे)

आमच्या गृहसंकुलाच्या दिवाळी अंकाचे संपादन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने रग्बी लीगच्या विश्वचषकावर लेख दिला असून तो मेहनतीने लिहिलेला आहे. १९५४ साली फ्रान्समध्ये चार संघांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा २०२२ पर्यंत सोळा वेळा झाली, त्यांपैकी बारा वेळा ऑस्ट्रेलिया, तीन वेळा ग्रेट ब्रिटन आणि २००८ मध्ये एकदाच न्यूझीलंड विजयी झाले, हे सारे त्याने नीट मांडले आहे. अडचण शीर्षकापासून सुरू होते, कारण शीर्षक ‘रग्बी साखळी विश्वचषक’ असे आहे. आपण ‘साखळी सामने’ म्हणतो, तेव्हा लीग म्हणजे साखळीच, असे त्याचे म्हणणे. मला हे खटकते, पण का खटकते ते त्याला पटेल असे सांगता येत नाही. त्यातून त्याच लेखात पुढे ‘साखळी फेरीनंतर आठ संघ उरले’ असे एक वाक्य आहे आणि तिथे हाच शब्द चपखल बसला आहे. शिवाय ‘रग्बी युनियन’ या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारातल्या ‘युनियन’ या शब्दासाठी त्याने ‘संघ’ वापरल्यामुळे एके ठिकाणी ‘रग्बी संघाचे संघ रग्बी साखळीच्या संघांपेक्षा वेगळे’ असे वाक्य झाले आहे, ज्याचा अर्थ मला तिसऱ्या वाचनात लागला. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर (ऐरोली)

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मराठी क्रीडावृत्तांनी ‘साखळी’ हा शब्द स्पर्धेच्या एका रचनेसाठी राखून ठेवला आहे: गटातला प्रत्येक संघ उरलेल्या प्रत्येकाशी खेळतो, कडीत कडी अडकत जाते, म्हणून साखळी, आणि हरला तो घरी गेला, तर ती बाद फेरी. रग्बी लीगच्या विश्वचषकात साखळी फेरीही असते आणि बाद फेरीही असते. म्हणजे ‘रग्बी साखळी विश्वचषकाची बाद फेरी’ असे लिहिण्याची वेळ आपल्या लेखकावर येणारच होती. रग्बी लीगमधली ‘लीग’ ही स्पर्धेची रचना नसून खेळाचे नाव आहे, आणि तेही मुळात एका संस्थेचे नाव होते.

ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण शब्दाचा निकाल तिच्यातच आहे. इंग्लंडमध्ये १८७१ साली ‘रग्बी फुटबॉल युनियन’ स्थापन झाली आणि तिची सूत्रे पब्लिक स्कुलांतून शिकलेल्या सुखवस्तू मंडळींच्या हाती होती. उत्तरेकडच्या यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये मात्र हाच खेळ खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळू लागले. शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडून जायचे तर मजुरी बुडे, म्हणून तेवढ्या वेळेची भरपाई क्लबांनी द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. ‘हौसेला मोल नाही’ ही आपली म्हण युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी जणू शब्दशः घेतली. हौशी खेळाडूला एक पैसाही मिळता कामा नये, यावर ते अडून राहिले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. गंमत अशी की या नव्या संस्थेचे नावही ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’ असेच होते. पुढच्या काही वर्षांत तिने नियम बदलले आणि १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू ठरवले. ‘लीग’ हा शब्द आला तो सिडनीहून: तिथे १९०७ मध्ये ‘न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग’ निघाली. इंग्लंडमधल्या संस्थेने १९२२ साली ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव घेतले आणि हळूहळू संस्थेचे नाव खेळालाच चिकटले.

मराठीत असे घडत नाही असे कोणी म्हणू नये. ‘एस्टी’ हे राज्य परिवहनाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप, पण ठाण्याच्या खोपट आगारात उभा असलेला माणूस ‘एस्टी आली’ म्हणतो तेव्हा त्याला महामंडळ आलेले अभिप्रेत नसते, गाडी आलेली असते. त्या एस्टीचा अनुवाद कोणी करत नाही. रग्बी लीगचाही करू नये.

एक इशारा मात्र देतो. ‘साखळी’ वगळून ‘लीग’ ठेवले तरी गोंधळ पुरता संपत नाही, कारण २००८ च्या आयपीएलनंतर आणि २०१४ च्या प्रो कबड्डीनंतर आपल्या तरुण वाचकाला लीग म्हटले की शहरांच्या नावाचे विकत घेतलेले संघच आठवतात. त्यात जून २०२५ मध्ये मुंबईत ‘रग्बी प्रीमियर लीग’ झाली, जी सात-सात खेळाडूंच्या युनियन प्रकारची होती. म्हणजे ती रग्बीची लीग होती, पण रग्बी लीग नव्हती. लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच ‘रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा, रग्बी युनियनहून वेगळा खेळ आहे’ असे एक साधे वाक्य घालावे.

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)

ऐरोलीच्या साहेबांनी ‘काम सोडून गेल्याने बुडालेल्या मजुरीची भरपाई’ असे लांबलचक लिहिले आहे. इंग्रजीत याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणत. आम्हा कारखान्यातल्या माणसांकडे यासाठी दोन अक्षरांचा शब्द आहे, तो म्हणजे खाडा. माझी उमेदीची सगळी वर्षे इथल्याच एका कारखान्यात गेली. ‘या महिन्यात तीन खाडे पडले’ असे म्हटले की तीन दिवस कामावर नव्हतो आणि तीन दिवसांचा पगार कापला गेला, या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात येतात. आमच्या खात्यातला एक जण कबड्डी चांगली खेळे. कंपनीच्या संघातून खेळला तर त्याची हजेरी लागे, आणि गावच्या मंडळाकडून खेळला तर खाडा. त्याला हडर्सफील्डची भांडणे समजावून सांगावी लागली नसती. म्हणून ‘खाडाभरपाई’ असा शब्द लेखात योजावा, अशी माझी सूचना आहे. त्या वेळी ही भरपाई दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग ठरली होती, आणि १८९८ मध्ये खेळाबद्दल उघडपणे पैसे द्यायला मान्यता मिळाली तेव्हाही खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे, अशी अट होती. म्हणजे खाडा भरून मिळायला आधी हजेरीपटावर नाव हवे.

उत्तर (वाशी)

खाडाभरपाई हा शब्द मला फार आवडला, तरी एक शंका नोंदवते. ‘खाडा’ या शब्दाला थोडा दोषाचा वास आहे. ‘खाडा केला’ म्हणजे यायला हवे होते आणि आला नाही. आमच्याकडे दुधाचे आणि वर्तमानपत्राचे खाडे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवतात ते पैसे कापण्यासाठीच. ज्या शब्दाबरोबर पैसे कापणे आपोआप येते, त्याला ‘भरपाई’ जोडल्यावर वाचक क्षणभर अडखळेल. पण विचार केल्यावर असे वाटते की अडखळू द्यावे. खाड्याचे पैसे मागणे युनियनवाल्यांनाही असेच विपरीत वाटले असणार.

आता ‘संघ’ या शब्दाविषयी. या एका शब्दावर मराठीने किती ओझे टाकले आहे ते पाहा. मैदानावर उतरतात ते संघ. कामगारांची युनियन तीही संघ किंवा संघटना. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात जी ‘लीग ऑफ नेशन्स’ बसली, तिलाही आपण ‘राष्ट्रसंघ’ म्हणालो. म्हणजे टीम, युनियन आणि लीग हे तिन्ही शब्द आपल्याकडे एकाच दारातून आत आले आहेत, आणि या लेखात तिघांचीही गाठ पडते. माझ्या मते ‘संघ’ फक्त खेळाडूंच्या चमूसाठी ठेवावा, ‘युनियन’ आणि ‘लीग’ ही खेळांची नावे म्हणून तशीच लिहावीत आणि नियामक संस्थेसाठी कबड्डीत रुळलेला ‘महासंघ’ वापरावा. मुस्लिम लीगला आपण कधी ‘मुस्लिम संघ’ म्हटले नाही, याचीही आठवण करून देते.

पुन्हा नौपाड्याहून

आपण सर्वांनी फार मोलाची मदत केलीत. लेखकाला ही चर्चा वाचायला दिली. ‘एस्टी’च्या उदाहरणावर तो लगेच नरमला. पण त्याने एक नवा प्रश्न काढला आहे आणि तो मला वरच्या सगळ्यांपेक्षा अवघड वाटतो. या स्पर्धेतल्या संघांना ‘राष्ट्रीय संघ’ म्हणावे का? १९५४ मध्ये जिंकला तो ग्रेट ब्रिटनचा संघ, पण १९७५ मध्ये इंग्लंड आणि वेल्स वेगवेगळे उतरले आणि १९९५ पासून तर ग्रेट ब्रिटन या स्पर्धेत नाहीच. २००० साली न्यूझीलंडचा संघ होताच, शिवाय ‘आओतेआरोआ माओरी’ हा त्याच भूमीतल्या माओरींचा स्वतंत्र संघही खेळला. त्याही आधी, १९०४ मध्ये, इंग्लंडने विगनला जो सामना खेळला त्यात प्रतिस्पर्ध्यांचे नावच ‘अदर नॅशनॅलिटीज’, म्हणजे ‘इतर राष्ट्रीयत्वांचे लोक’ असे होते. यांपैकी राष्ट्र कोण आणि देश कोण?

उत्तर (ऐरोली)

लेखकाला शाबासकी द्या. ‘देश’ हा शब्द येथे टाळावा असे मला वाटते. मराठीत त्याला आधीच दोन अर्थ आहेत, आणि घाटावरच्या माणसाला आपण कोकणातले लोक आजही ‘देशावरचा’ म्हणतो. ‘राष्ट्र’ या शब्दात सार्वभौम सत्तेपेक्षा लोकांच्या एकपणाची भावना अधिक आहे, त्यामुळे वेल्स, कूक बेटे किंवा माओरी यांना तो अधिक शोभतो. ‘राष्ट्रीय संघ’ म्हणायला हरकत नाही. मात्र अनेकवचनात ‘राष्ट्रांचे संघ’ असे सोडून लिहावे, नाहीतर वाचक पुन्हा जिनिव्हाला पोहोचेल.

आणखी एक बारकावा आहे. या खेळात आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जन्मभूमीवरूनही संघ निवडता येतो. न्यूझीलंडकडून खेळलेल्या जेसन टॉमालोलोने २०१७ च्या विश्वचषकात टोंगाकडून खेळायचे ठरवले, आणि त्या स्पर्धेत टोंगाने न्यूझीलंडलाच हरवले. त्याच्या निवडीसाठी ‘आजोळकडून खेळला’ असे लिहिण्याचा मोह मला झाला होता, पण आजोळ फक्त आईकडचे, तेव्हा तो शब्द नियमापुढे अपुरा पडतो. ‘मूळभूमी’ बरा.

उत्तर (कळवा)

कोणी ‘ट्राय’विषयी, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याविषयी, बोलले नाही, म्हणून लिहितो. लेखात ‘प्रयत्न’ असा शब्द असेल तर तो तातडीने काढावा. ‘ऑस्ट्रेलियाने सहा प्रयत्न केले’ असे वाचल्यावर कोणताही मराठी माणूस ‘मग जमले का?’ असे विचारेल. आपल्याकडे प्रयत्न हा यशाच्या अलीकडे थांबतो. मूळ इंग्रजीतही अर्थ तसाच होता: गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याबद्दल एकही गुण मिळत नसे, फक्त गोलसाठी लाथ मारून पाहण्याची संधी मिळे, म्हणून ‘ट्राय’. पुढे टेकवण्यालाच गुण मिळू लागले आणि रग्बी लीगमध्ये १९८३ पासून ते चार आहेत, तरी जुने नाव राहिले. ‘टेकवणी’ असा शब्द घडवता येईल, पण तो लग्नातल्या एखाद्या विधीसारखा वाटतो. ‘ट्राय’च ठेवावा. त्यानंतरच्या दोन गुणांच्या लाथेला मात्र मराठी तयार आहे, कारण हॉकीच्या वृत्तांत ‘पेनल्टी कॉर्नरचे गोलमध्ये रूपांतर’ आपण वर्षानुवर्षे वाचतो. ‘ट्रायचे रूपांतर’ त्याच वाटेने जाईल. २०२२ च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने सामोआला ३०-१० असे हरवले. सहा ट्राय आणि त्यांतल्या तिघांचे रूपांतर, असा त्या तीसचा हिशोब आहे.

‘टॅकल’साठी दुसरा विचारच करू नये. ‘पकड’ हा शब्द कबड्डीने घासून लखलखीत केला आहे. रग्बी लीगमध्ये तर पकड मोजतात: एका संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू ठेवता येतो, मग तो दुसऱ्याकडे जातो. १९६६ मध्ये ही मर्यादा चार होती, १९७२ पासून सहा झाली. ‘पाचव्या पकडीनंतर चेंडू लाथाडला’ हे वाक्य कळव्यातल्या कोणत्याही मंडळाच्या पोराला एकदा सांगून समजेल. बरोबरीनंतर आधी गुण करणारा जिंकतो, त्या गुणाला ‘सुवर्णगुण’ म्हणावे, कारण ‘सुवर्ण चढाई’ आपल्या कानांवर आहेच. त्याच २०२२ च्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सामोआने इंग्लंडला २७-२६ असे हरवले ते अशाच एका गुणाने.

‘कसोटी’ तेवढा जपून वापरा. रग्बी लीगचे दोन राष्ट्रांमधले सामनेही इंग्रजीत ‘टेस्ट’ म्हणवतात, पण मराठीत कसोटी म्हटले की पाच दिवस आलेच, आणि हा खेळ ऐंशी मिनिटांत आटोपतो. ‘आंतरराष्ट्रीय सामना’ पुरे.

पुन्हा नौपाड्याहून

सर्वांच्या सूचना लेखात घेतल्या आहेत. शीर्षक आता ‘रग्बी लीगचा विश्वचषक’ एवढेच आहे, ‘साखळी’ फेरीपुरती उरली आहे आणि ‘संघ’ मैदानावरून बाहेर पडत नाही. मी तपासणीत आणखी एक भर घातली: २०२२ मध्ये झालेली स्पर्धा साथीमुळे वर्षभर लांबली होती आणि तिचे अधिकृत नाव ‘२०२१ चा विश्वचषक’ असेच राहिले, तेव्हा दोन्ही साले दिली आहेत. त्याच वेळी महिलांचा आणि व्हीलचेअरवरचा विश्वचषकही खेळवला गेला असल्याने विजेत्यांच्या यादीवर ‘पुरुष’ असा शब्द घालायला लावला. ‘खाडाभरपाई’वर लेखकाचा विश्वास बसत नव्हता. मराठीत असा शब्द खरेच आहे का, असे त्याने आपल्या आजीला विचारले, तेव्हा तिने भरपाईचे आपल्याला ठाऊक नाही म्हणून सांगितले आणि दिनदर्शिकेवरचे या महिन्याचे दुधाचे चार खाडे त्याला मोजून दाखवले.